पिकअप सकाळी लवकर स्टार्ट होत नाही : बॅटरी, हिटर प्लग बदलले, आता पुढे काय?

द्राक्षवाट
गाडी अडीच लिटरची, चार सिलिंडर, कॉमन रेल (चारही सिलिंडरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल) डिझेल पिकअप. २०१४ चं मॉडेल, पावणेदोन लाखाच्या पुढे चाललेली. निफाड ते वाशी मार्केट असा माल असतो.

सकाळच्या पहिल्या स्टार्टला दहा-बारा सेकंद सेल्फ मारावा लागतो, कधी दोन-तीनदा. एकदा पेटली की दिवसभर हाफ सेल्फला घेते. हल्ली मात्र माल उतरवून अर्ध्या तासाने, इंजिन गरम असतानाही जरा रेंगाळते. गाडीची ओढ, ॲव्हरेज ठीक आहे, मीटरवर चेक लाईट नाही.

बॅटरी नवी, चारही हिटर प्लग (थंड इंजिनचे सिलिंडर तापवणारे) नवे, डिझेल फिल्टरही बदलला. आता गॅरेजमधून चारही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे इंजेक्टर) बदला असं सांगताहेत. त्या खर्चात पडण्याआधी काय तपासावं आणि कुठल्या क्रमाने? जाणकारांनी सांगावं.

मल्टिमीटर
नोझलला हात लावू नका. आधी तीन गोष्टी बघून इथे लिहा.

१. सेल्फ फिरत असताना सायलेन्सरमधून धूर येतो का? धूर अजिबात नसेल तर सिलिंडरपर्यंत डिझेलच जात नाहीये. पांढरा, डोळ्याला झोंबणारा धूर येत असेल तर डिझेल जातंय पण पेटत नाहीये. मग प्लग, कंप्रेशन, टायमिंग बघायचं. काळा असेल तर हवा कमी पडतेय.

२. सेल्फचा वेग किती? स्कॅनर लावला तर आरपीएम थेट दिसतो. गरम इंजिनला २०० ते २५० च्या आसपास हवा. १५० च्या खाली गेला की कंप्रेशनची उष्णता टिकत नाही आणि रेलमध्ये प्रेशरही चढत नाही.

३. सकाळी चावी लावायच्या आधी फिल्टरवरचा हातपंप दाबा. पहिल्याच दाबाला कडक लागतो की मऊ पडलेला असतो?

या तीन उत्तरांवर अर्धं निदान होतं.

घाटपायथा
निफाडच्या थंडीत माणूसच दुसऱ्या सेल्फला उठतो, गाडीला काय बोलायचं :) कुंदेवाडीचा पारा ५-६ अंशांवर आल्याच्या बातम्या बहुतेक हिवाळ्यांत असतात. डिझेल गोठत असेल का?

बेळगावी
पंपावरचं डिझेल ५ अंशाला गोठत नाही. आपल्या भारतीय मानकात, आयएस १४६० मध्ये, पोअर पॉइंटची (ज्याच्या खाली डिझेल वाहत नाही त्या तापमानाची) मर्यादा हिवाळ्यासाठी ३ अंश आणि उन्हाळ्यासाठी १५ अंश सेल्सिअस आहे. फिल्टर चोंदण्याचं तापमान हिवाळी डिझेलला ६ आणि उन्हाळी डिझेलला १८ अंशांपर्यंत चालतं. म्हणजे अडचण कुणाला? ज्यांनी उन्हाळ्यात बॅरल भरून शेडमध्ये ठेवलंय आणि जानेवारीत तेच गाडीत ओतताहेत त्यांना. त्या डिझेलमध्ये थंड पहाटे मेणाचे कण धरतात, फिल्टरचा कागद चोंदतो. शिवाय बॅरलच्या तळाला पाणी असतंच. बॅरलचं वापरायचंच असेल तर तळातली चार बोटं सोडून वरचं काढा.

जुनागॅरेज
एवढी चौकशी कशाला? एअर फिल्टरचा पाइप काढायचा, पेट्रोलचा बोळा धरायचा, एका सेल्फमध्ये चालू. वर्षानुवर्षं चालत आलंय.

पंपनोझल
जुनागॅरेज, हे कृपा करून कुणी करू नका. डिझेलचं कंप्रेशन १६ ते १८ पट. पेट्रोलची वाफ किंवा ईथरचा स्प्रे पिस्टन वर पोचायच्या आधीच भडकतो. पिस्टन वर येतोय आणि स्फोट त्याला खाली ढकलतोय, अशा वेळी रिंगा तुटतात, रिंगांमधली पट्टी उडते, कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यात हिटर प्लग लाल असतील तर इनटेक मॅनिफोल्डमध्येच आग, समोर धरलेला हात भाजतो. शिवाय गाडी बोळ्यावर पेटली तरी आजार कुठे आहे ते कळत नाही.

द्राक्षवाट
मल्टिमीटर, बघितलं.
धूर : सेल्फ मारताना काहीच नाही. पेटल्यावर थोडा पांढरा, मग साफ.
सेल्फचा वेग : स्कॅनरवर सकाळी १८५ च्या आसपास.
हातपंप : सकाळी एकदम मऊ. बऱ्याच वेळा दाबल्यावर कडक होतो. कडक करून सेल्फ मारला तर दोन-तीन सेकंदांत चालू.

मल्टिमीटर
मग सकाळचं दुखणं सापडलं. डिझेल रात्री मागे टाकीकडे उतरतंय आणि लाइन एअर धरतेय. धूर नाही ही त्याचीच खूण. पेटल्यावरचा पांढरा धूर सुरुवातीच्या अर्धवट जळालेल्या डिझेलचा.

१८५ हा वेगही नव्या बॅटरीला कमी वाटतो. पुढच्या वेळी दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा आणि मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (टर्मिनलच्या क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खुंटीवरच), दुसरं इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर धरा. सेल्फ फिरताना ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब. तसंच पॉझिटिव्ह खुंटी ते सेल्फचा जाड बोल्ट, तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालेल. बॅटरीच्या दोन खुंट्यांवर त्याच वेळी ९.६ च्या खाली जाऊ नये. हे न मोजता लोक बॅटरीवर बॅटरी बदलतात आणि पंधरा वर्षांची कुजलेली अर्थ पट्टी तशीच राहते.

अंजू_ऑटो
एअर धरते पण बाहेर डिझेल गळताना दिसत नाही, म्हणून गॅरेजवाले विश्वास ठेवत नाहीत. कारण समजून घ्या. या पिढीच्या बऱ्याच पिकअपमध्ये टाकीत इलेक्ट्रिक पंप नसतो. हाय प्रेशर पंपाच्या पाठीमागे छोटा गिअर पंप असतो, तो टाकीतून डिझेल ओढतो. टाकीपासून पंपापर्यंतची लाइन चालू इंजिनला सक्शनमध्ये असते. भोक पडलं तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. टाकीत पंप असलेल्या गाडीत उलटं, तिथे भोकातून डिझेल गळतं आणि लगेच वास येतो.

शोधायची पद्धत : फिल्टर ते पंप या तुकड्यात वीतभर पारदर्शक पाइप घाला. डिझेल चालणारा पीयू किंवा नायलॉनचा, आतला व्यास मूळ पाइपाएवढा. ॲक्वेरियमची नळी नको, ती एका दिवसात कडक होऊन क्लिपमधून सुटते. तसाच दुसरा तुकडा टाकी आणि फिल्टरच्या मध्ये. इंजिन चालू ठेवून बघा.

फिल्टरच्या आधीच्या पाइपात बुडबुडे : टाकीतला डिझेल ओढणारा पिकअप पाइप, चॅसिसच्या कडेचे पाइप, जोड.
आधी साफ, नंतर बुडबुडे : फिल्टरचं डोकं, हातपंपाचा डायफ्राम, पाण्याचा सेन्सर, खालचा ड्रेन स्क्रू.
दोन्हीत बुडबुडे नाहीत पण रात्री पाइप रिकामा : रिटर्नची, म्हणजे उरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणारी बाजू. नोझलच्या वरच्या छोट्या रबरी रिटर्न नळ्या, त्यांचे टी आकाराचे जोड, त्यातल्या ओ-रिंगा (सीलच्या गोल रबरी रिंगा).

आणि एक विचारायचं राहिलं. फिल्टर बदलल्यावर त्रास वाढला का?

कराडकर
एवढी शोधाशोध नको. फिल्टरच्या आधी एक एनआरव्ही (एकाच दिशेने जाऊ देणारा वाल्व) बसवून टाका. डिझेल मागे जाणारच नाही. खूप गाड्यांना बसवलेले बघितलेत, चालतात.

अंजू_ऑटो
कराडकर, एनआरव्हीने डिझेल थांबेल, हवा थांबणार नाही. भोक तिथेच राहतं आणि चालत्या गाडीत बुडबुडे पंपात जात राहतात. हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच आहे. त्यात हवा आली की प्लंजर आणि आतला कॅम कोरडा घासतो, धातूचा कीस सुटतो, तो रेलमधून नोझलमध्ये. मग खरोखरच चारही नोझल आणि पंप जातात. शिवाय स्वस्त एनआरव्हीची स्प्रिंग सक्शनला अडथळा करते, चढावर लोड घेतल्यावर गाडी दबते. मूळचा वाल्व असेल तर तो दुरुस्त करा, नवा मध्ये घालू नका.

कराडकर
मध्येच रस्त्यात मार्केटला जायचं असेल तर तात्पुरता तरी?

अंजू_ऑटो
त्यापेक्षा सकाळी हातपंप दाबून घ्या. फुकट आहे आणि पंपालाही त्रास नाही.

घाटपायथा
टाकीचं झाकणही उघडून बघा. उघडताना आत हवा ओढल्याचा फुस्स आवाज आला तर झाकणाचा किंवा टाकीचा ब्रीदर बंद आहे. टाकीत व्हॅक्यूम झाला की गिअर पंप कितीही चांगला असो, ओढणार काय? मळ्यातून धूळ खाणाऱ्या गाड्यांत हे होतं.

द्राक्षवाट
अंजू_ऑटो, हो, बरोबर पकडलंत. थोडा त्रास आधी होता म्हणूनच फिल्टर बदलला, पण सकाळचं दहा सेकंदांचं प्रकरण फिल्टरनंतरचंच.

पारदर्शक पाइप घातले. टाकी-फिल्टरमधला एकदम साफ. फिल्टर-पंपमधल्यात बारीक बुडबुड्यांची सलग माळ, रेस केली की जास्त. सकाळी तो पाइप वीतभर पूर्ण रिकामा.

अर्थिंगवर सेल्फ फिरताना ०.७ व्होल्ट. गिअरबॉक्स ते चॅसिसची वेणीची पट्टी हिरवी पडलेली होती, बोल्टखाली रंग आणि गंज. पट्टी नवी टाकली, जागा घासून चकचकीत केली. आता ०.१५ आणि सेल्फ २३० वर गेला.

अंजू_ऑटो
फिल्टर खालून बघा. पाण्याचा सेन्सर जुन्या फिल्टरमधून काढून नव्यात बसवतात. त्याची ओ-रिंग जुनीच वापरतात किंवा कोरडी घट्ट करताना चिमटते. सेन्सर काढा, रिंग बोटावर फिरवून बघा, जरासा काप असला तरी फेका. नवी रिंग डिझेलला चालणाऱ्या रबराची घ्या. साध्या नळाच्या वायसरचं रबर फुगतं. बसवताना डिझेलचा हात लावा आणि सेन्सर हातानेच घट्ट करा, पाना नको. फिल्टरच्या वरच्या मोठ्या रिंगलाही तेच. जुन्या फिल्टरची रिंग डोक्याला चिकटून राहून दोन रिंगा एकावर एक बसल्यात का तेही बघा.

बँजो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वायसर उघडले की नवेच टाका.

जुनागॅरेज
हे मान्य. फिल्टरची चूक नेहमी रिंगमध्येच निघते. बोळ्याचं मागे घेतो.

माझा प्रश्न वेगळा. आमच्याकडे जुन्या रोटरी पंपाच्या गाड्या अजून येतात. त्यांची एअर काढताना नोझलचा नट ढिला करून सेल्फ मारतो. कॉमन रेलला तसं चालतं का?

पंपनोझल
नाही, कधीच नाही. रोटरी किंवा इनलाइन पंपाच्या गाडीत क्रम असा : फिल्टरचा ब्लीड स्क्रू ढिला, हातपंप मारून बुडबुडे संपेपर्यंत डिझेल काढा, स्क्रू बंद. मग पंपाचा ब्लीड स्क्रू तसाच. शेवटी दोन नोझलचे नट अर्धा-एक फेरा ढिले करून सेल्फ. डिझेल पिचकारीसारखं आलं की घट्ट.

कॉमन रेलमध्ये रेलच्या आत दीड हजार बारच्या पुढे प्रेशर जातं. ढिल्या नटातून येणारी धार दिसत नाही एवढी बारीक असते, कातडी फोडून आत जाते. बाहेर फक्त टाचणीएवढा ठिपका दिसतो पण आत डिझेल पसरतं. ती जखम बारीक समजून घरी बसायचं नसतं, लगेच ऑपरेशन करणाऱ्या हॉस्पिटलात जायचं. गळती शोधायला बोट फिरवू नका, पुठ्ठा धरा. इथे एअर फक्त कमी प्रेशरच्या बाजूची काढायची. हातपंप कडक होईपर्यंत दाबा, दहा सेकंद सेल्फ, अर्धा मिनिट थांबा, परत. रेल स्वतः भरून घेते. इंजिन बंद केल्यावरही रेलला हात लावायच्या आधी काही मिनिटं जाऊ द्या.

बेळगावी
हिटर प्लगचं कुणी बोललं नाही म्हणून. प्लग नवे टाकले म्हणजे त्यांना करंट मिळतोच असं नाही. रिले किंवा मोठा फ्यूज गेलेला असतो. क्लॅम्प मीटर प्लगच्या मुख्य वायरवर लावा, चावी ऑन करा. साध्या १२ व्होल्टच्या चार प्लगांना सुरुवातीला करंट भरपूर जातो, मग उतरत एका प्लगमागे १०-१५ अँपियरला स्थिरावतो. पाव करंट कमी म्हणजे एक प्लग मेलेला. मीटर नसेल तर प्लगांना जोडणारी पट्टी काढून बॅटरी पॉझिटिव्ह आणि प्लगचं टोक यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प धरा, लागला तर प्लग जिवंत. थेट बॅटरीची वायर लावून प्लग लाल करून बघायची सवय सोडा. नव्या गाड्यांत कमी व्होल्टेजचे प्लग असतात, ते १२ व्होल्टवर क्षणात जळतात.

चावी ऑन केल्यावर स्कॅनरवर कूलंटचं तापमानही बघा. रात्रभर उभ्या गाडीत ते बाहेरच्या हवेएवढंच दिसायला हवं. सेन्सर खोटं ८० दाखवत असेल तर ईसीएमला (इंजिनच्या कंप्युटरला) वाटतं इंजिन गरमच आहे, मग तो प्लगही देत नाही आणि डिझेलही कमी सोडतो.

द्राक्षवाट
सेन्सरची ओ-रिंग काढली, एका जागी कापलेली होती. नवी बसवली. बुडबुडे बंद. सकाळी हातपंप कडकच, गाडी दोन सेकंदांत. प्लगांचा करंट आणि कूलंटचं तापमान दोन्ही बरोबर.

पण मूळ प्रश्नातला दुसरा भाग तसाच आहे. गरम इंजिन अर्ध्या तासाने चालू करताना अजून पाच-सहा सेकंद घेते.

पंपनोझल
आता नोझलकडे यायला हरकत नाही. गरम असताना डिझेल पातळ होतं, झिजलेल्या नोझलमधून रिटर्नला जास्त पळतं. थंडीत दाट डिझेल ती झीज झाकतं. म्हणून सकाळी ठीक आणि दुपारी त्रास, ही अंतर्गत गळतीची खूण.

गरम गाडीला सेल्फ मारताना रेल प्रेशर बघा. साधारण २०० बारच्या आसपास गेल्याशिवाय ईसीएम नोझल उघडत नाही. चांगल्या गाडीत ते एक-दोन सेकंदांत होतं. रात्रभर उभ्या गाडीत चावी ऑन, इंजिन बंद असताना रेल प्रेशर शून्याजवळ हवं. तिथे ४०-५० दिसलं तर रेलचा सेन्सरच खोटं बोलतोय, पुढचे आकडे धरू नका.

प्रेशर हळू चढत असेल तर लीक-ऑफ टेस्ट, म्हणजे प्रत्येक नोझलमधून रिटर्नला किती डिझेल पळतं ते मोजायचं. चारही नोझलच्या रिटर्न नळ्या काढून प्रत्येकीला पारदर्शक नळी आणि एकसारख्या बाटल्या. सलाइनच्या नळ्या आणि ५० मिलीच्या सिरिंजा चालतात. टाकीकडे जाणारं रिटर्नचं तोंड बंद करा. गरम इंजिन आयडलला (रेस न देता) दोन-तीन मिनिटं. मग पातळी एका रेषेत धरून बघा. एक नोझल इतरांच्या दुप्पट देत असेल तर तोच. चारही सारखेच पण भरपूर देत असतील तर चारही थकलेत. चारही कमी आणि तरी प्रेशर चढत नाही, तर पंप किंवा त्यावरचा मीटरिंग वाल्व (पंपात किती डिझेल जाईल ते ठरवणारा). ही पद्धत सोलेनॉइड नोझलची (विजेच्या कॉइलने उघडणाऱ्या). पिएझोच्या (विजेने फुगणाऱ्या स्फटिकाने उघडणाऱ्या नोझलच्या) रिटर्नला ठरावीक प्रेशर लागतं, त्या उघड्यावर मोजू नयेत.

द्राक्षवाट
गरम गाडीला रेल प्रेशर पाचव्या सेकंदाला २०० ला पोचतं. थंड उभ्या गाडीत शून्य.
लीक-ऑफ, सारख्याच वेळात : पहिला १५ मिली, दुसरा १७, तिसरा ४२, चौथा १६.

कराडकर
म्हणजे गॅरेजवाल्याचंही अगदीच चुकीचं नव्हतं. पावणेदोन लाखाला चारही एकदम केले तर पुढे डोकेदुखी नाही.

पंपनोझल
१५, १७, १६ देणारे तीन नोझल कशासाठी काढायचे? काढताना पितळी-तांब्याचे सीट वायसर, रिटर्न, क्लॅम्प सगळं छेडलं जातं. तिसरा काढा, बेंचवर द्या. फुल लोड, आयडल, प्री-इंजेक्शन आणि रिटर्न असे चारही आकडे छापील रिपोर्टवर मागा. बहुतेकदा आतल्या वाल्वची सीट आणि बॉल झिजलेला असतो, तेवढा सेट बदलून चालतं. टीप चांगली असेल तर तीच ठेवा. वाटल्यास बाकीचे तीन नुसते टेस्ट करून घ्या, पण उघडू देऊ नका.

बसवताना :
खालचा तांब्याचा वायसर नवा, जाडी मूळचीच. दोन वायसर घातले तर टीप वर राहते, फवारा पिस्टनच्या खळग्याबाहेर पडतो.
सीटची जागा कार्बनविरहित. जुना वायसर खाली चिकटून राहिला का ते टॉर्च मारून बघा.
क्लॅम्पचा बोल्ट मॅन्युअलच्या टॉर्कलाच.
हाय प्रेशर पाइप आधी दोन्ही टोकांना हाताने लावून मग पान्याने. काढलेल्या पाइपांच्या तोंडांना लगेच टोप्या घाला, धुळीचा एक कण नवा वाल्व खातो.
नोझलच्या डोक्यावरचा कोड ईसीएममध्ये त्याच सिलिंडरच्या जागी भरा. दुरुस्तीनंतर बेंचवाल्याने नवा कोड दिला असेल तर तो.

मल्टिमीटर
आणि सीट बसली नाही तर तिथून कंप्रेशन वर येतं. नोझलभोवती काळं डांबरासारखं दिसायला लागतं, चालू गाडीत चक-चक आवाज. आठवड्याने टॉर्च मारून बघा.

घाटपायथा
नोझल काढलाच आहे तर कंप्रेशनही घेऊन टाका. डिझेलचा गेज, ५० बारपर्यंतचा. पेट्रोलचा गेज फुटतो. साधारण २५ ते ३० बार दाखवतं. आकड्यापेक्षा सिलिंडरमधला फरक बघा, तीन-चार बारपेक्षा जास्त नको.

द्राक्षवाट
तिसरा नोझल बेंचवर नेला. आयडलला रिटर्न मर्यादेच्या बाहेर, टीपचा फवारा चांगला. वाल्वचा सेट बदलला, नवा कोड भरला, सीट वायसर नवा. बाकी तीन टेस्ट करून तसेच ठेवले, रिपोर्ट पास. कंप्रेशन चारही सिलिंडरला २६ ते २८ बार.

आता गरम गाडीला दुसऱ्या सेकंदाला रेल प्रेशर २३०, गाडी लगेच चालू. लीक-ऑफला तिसरा १६ वर. सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः अंजू_ऑटो आणि पंपनोझल यांचे.

बेळगावी
छान झालं. फिल्टरचं पाणी आता ५,००० किलोमीटरला सोडत जा, पावसाळ्यात त्याच्या आधीच. खाली काचेची बरणी धरून ड्रेन स्क्रू ढिला करा, पाणी तळाला वेगळं दिसतं. निव्वळ डिझेल यायला लागलं की बंद, आणि नंतर हातपंप कडक होईपर्यंत दाबायला विसरू नका, नाहीतर पुन्हा एअर.

कराडकर
त्या ड्रेन स्क्रूलाही रिंग असते का?

अंजू_ऑटो
असते. सेन्सरची घेताना तीही घ्या.